उतरणाऱ्याचा जिना

जिन्याच्या पायथ्याशी, पहिल्या पायरीपासून मीटरभर मागे उभं राहून वर बघा. सोयीसाठी एक साधा सरळ जिना धरू: एकूण १७ चढ, प्रत्येकाची उंची १७ सेंमी, एका कडेपासून पुढच्या कडेपर्यंत २७ सेंमी, जिन्याची रुंदी १ मीटर. बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून १५५ सेंमीवर. नववी पायरी येते १५३ सेंमीवर, म्हणजे डोळ्यांच्या जेमतेम खाली. तिथपर्यंतच्या पायऱ्यांचा आडवा भाग दिसतो, तोही वर जावं तसा बारीक होत जाणारा. दहाव्या पायरीपासून पुढे आडवं काही दिसतच नाही. नुसत्या उभ्या पट्ट्या, एकावर एक रचलेल्या. आता वर जा, मागे वळा आणि खाली बघा. त्या उभ्या पट्ट्यांपैकी एकही नजरेला पडत नाही. दिसतात त्या फक्त पाय ठेवायच्या जागा, आणि दूरच्या पायऱ्यांची तर पुढची अर्धीच.

म्हणजे घरात जिना एक असला तरी सजवायचे जिने दोन असतात, एक चढणाऱ्याचा आणि एक उतरणाऱ्याचा. सजावटीचे फोटो जवळजवळ सगळे पायथ्याशी उभं राहून काढलेले असतात, त्यामुळे आपण नकळत चढणाऱ्याचाच जिना सजवत बसतो. माणसं पडतात ती मात्र बहुतेक वेळा उतरताना.

पुढे जाण्याआधी तीन शब्द. पाय ठेवतो तो आडवा भाग म्हणजे ट्रेड, चढताना नाकासमोर येतो तो उभा भाग म्हणजे रायझर, आणि ट्रेडची थोडी पुढे आलेली कड म्हणजे नोझिंग. कामावर मिस्त्री आणि सुतार हेच शब्द वापरतात, म्हणून इथेही तेच.

सिसिलीतल्या काल्ताजिरोने गावात सांता मारिया देल मोंते चर्चकडे जाणारा १४२ पायऱ्यांचा जिना आहे. १९५४ साली त्याच्या रायझरवर रंगीत नक्षीच्या टाइल्स बसवल्या गेल्या, प्रत्येक पायरीची नक्षी निराळी. पाय ठेवायची जागा मात्र साध्या, गडद लाव्हा दगडाची. खालून येणारा त्या नक्षीत गुंगून जातो. वरून उतरणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही, त्याच्यासमोर फक्त दगड असतो आणि दगडाची कड. तो जिना उघड्यावरचा, आपला घरातला, पण वाटणी हीच बरोबर आहे. रायझरवर काय हवी ती हौस करा, ट्रेडला हात लावताना दहादा विचार करा.

रायझर रंगवणं हे सगळ्यात सोपं काम, आणि त्यातच सगळ्यात जास्त घाई होते. आधी रंगाचा हिशेब. १ मीटर रुंद आणि १७ सेंमी उंच असे १७ रायझर म्हणजे जेमतेम २.९ चौरस मीटर. दोन हात द्यायचे तर ५.८. १ लिटर रंग एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर जातो, म्हणजे १ लिटरचा डबा पुरून अर्धा उरतो, आणि तो नंतरच्या डागडुजीला लागतोच. प्राइमर अर्धा लिटर पुष्कळ. तरीही लोक ४ लिटरचा डबा घेऊन येतात, कारण जिना दिसतो मोठा.

पांढरा हवा असेल तर तेलाच्या रंगाऐवजी पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्या. तेलाचा पांढरा कमी उजेडात पिवळा पडत जातो, आणि घरातला जिना ही बहुधा सर्वांत कमी उजेडाची जागा असते. चकाकी मध्यम ठेवावी. अगदी मॅट रंगावर बुटांच्या टोकांचे काळे ओरखडे बसतात आणि पुसताना रंगच निघून येतो. पूर्ण चकचकीत रंगात रायझरचा प्रत्येक उंचवटा उघडा पडतो.

तयारीत वेळ जातो तो धुण्यात आणि घासण्यात. जुन्या लाकडावर मेणाचं पॉलिश असेल तर त्यावर कुठलाच रंग धरत नाही. आधी टर्पेंटाइनने मेण काढायचं, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर २२०, धूळ ओल्या फडक्याने टिपायची आणि पूर्ण वाळू द्यायचं. रायझर आणि ट्रेड जिथे मिळतात त्या फटीत पुट्टी भरू नका. लाकडी पायरी पावलागणिक किंचित वाकते, पुट्टी वाकत नाही, आणि पंधरवड्यात तिथे केसासारखी भेग पडते. त्या फटीला लवचीक अॅक्रिलिक सीलंट लागतो, रंग बसणारा. सिलिकॉनवर रंग बसत नाही, हे डबा उघडण्याआधी आठवलेलं बरं. आणि पायऱ्या कुरकुरत असतील तर ते आधी बघा. सैल पायरीवर केलेली कुठलीही सजावट तिच्या आवाजासकट सैल होते.

आता एक बारीक गोष्ट. पायथ्याशी उभं राहिलं की डोळ्यांच्या वरचे रायझर पूर्ण दिसत नाहीत. खालच्या पायरीची कड त्यांचा तळ झाकते. आपल्या हिशेबाच्या जिन्यात सर्वांत वरच्या रायझरचा खालचा ६ सेंमी भाग, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, खालून दिसतच नाही. लहान मुलाला तर आणखी कमी दिसतं. सगळ्या रायझरवर मिळून एक मोठं चित्र काढायचा बेत असेल तर तो इथे फसतो. खालच्या अर्ध्यात चित्राच्या तुकड्यांमध्ये ट्रेडचे पट्टे येतात, वरच्या अर्ध्यात तुकडे एकमेकांना चिकटतात आणि खालून कापलेही जातात. सबंध चित्र जुळून दिसावं अशी जागा एकच असते, आणि तिथे कुणी उभं राहत नाही. प्रत्येक रायझरची नक्षी स्वतंत्र ठेवली आणि तिचा भर रायझरच्या वरच्या भागात ठेवला की हा प्रश्नच उरत नाही. खालची ३ सेंमी पट्टी तर ट्रेडच्याच रंगात सोडून द्यावी. फरशी पुसताना फडक्याची मळकट रेघ नेमकी तिथेच उमटते.

चिकटवायचे व्हिनाइलचे पट्टे किंवा वॉलपेपर लावायचा असेल तर एका मापाने १७ पट्टे कापू नका. एकसारखे दिसणारे रायझर ३ ते ८ मिमीने सहज कमीजास्त असतात, आणि एकच रायझर डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे वेगवेगळा भरतो. तीन ठिकाणी माप घ्यायचं, पट्ट्याच्या मागे क्रमांक टाकायचा, उंचीत २ मिमी कमी कापायचं. काठाला काठ भिडवून बसवलेला पट्टा पुसताना कोपऱ्यातून उचकटतो. नुकत्याच रंगवलेल्या पृष्ठभागावर तर लगेच लावूच नये. वाळलेला रंग आणि पक्का झालेला रंग यांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर असतं. मधल्या काळात लावलेला पट्टा फुगे धरतो, आणि काढायला गेलं की रंग सोबत घेऊन येतो.

टाइल्स सर्वांत टिकाऊ, पण त्यांना जाडी असते. ८ मिमीची टाइल आणि ४ मिमी चिकट मसाला मिळून रायझर १२ मिमी पुढे येतो. नोझिंग २० मिमी बाहेर असेल तर ते ८ मिमी उरतं, आणि चढताना बुटाचं टोक सारखं रायझरला ठेचतं. रायझरसाठी पातळ टाइल शोधण्याचं कारण एवढंच. कापलेला काठ नोझिंगखाली जाईल अशा बेताने वर ठेवायचा, कारखान्याचा सरळ काठ खाली.

हे झालं उभ्याचं. आडव्याकडे वळलं की सजावटीचा विचार बदलतो, कारण आता पायाचा हिशेब सुरू होतो. फ्रेंच वास्तुतज्ज्ञ फ्रांस्वा ब्लाँदेल याने १७व्या शतकात मांडलेलं सूत्र अजून वापरात आहे: दोन रायझर आणि एक ट्रेड यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी असावी. आजच्या मापात ते साधारण ६० ते ६५ सेंमी धरतात. आपल्या जिन्यात १७ दुणे ३४ अधिक २७, म्हणजे ६१. पाय हे गणित पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत शिकतो आणि पुढे न बघता चालत राहतो. एखादी पायरी सेंटीमीटरभरानेही चुकली तरी पाय अडखळतो. काही देशांच्या बांधकाम नियमांत तर सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या रायझरमधला फरक १ सेंमीच्या आत ठेवावाच लागतो.

आता याच जिन्यावर नवी फरशी बसवली समजा, मसाल्यासकट १२ मिमी जाडीची, फक्त पायऱ्यांवर. मधल्या पायऱ्या सगळ्या सारख्याच उचलल्या जातात, त्यांच्यात फरक पडत नाही. पण पहिला चढ खालच्या जुन्या जमिनीपासून मोजला जातो, तो १२ मिमीने वाढला. शेवटचा चढ वरच्या जुन्या जमिनीला जाऊन मिळतो, तो १२ मिमीने कमी झाला. दोघांत २४ मिमीचा फरक. नजरेला तो दिसत नाही, पण वरून उतरणाऱ्याचं पहिलंच पाऊल आखूड पडतं, त्या मापाला सरावलेला पाय पुढची पायरी खोल शोधतो, आणि तळाशी जमीन अपेक्षेपेक्षा आणखी खाली लागते. जाड गालिचा आणि त्याखालचं अस्तर यांनाही हाच नियम. पायऱ्यांची जाडी वाढवायची तर वरच्या आणि खालच्या जमिनीचीही तेवढीच वाढली पाहिजे, नाहीतर वाढवू नये.

गालिच्याची पट्टी, म्हणजे रनर, लाकडी जिन्यावर फार छान दिसते आणि पायांचा आवाजही गिळते. १ मीटरच्या जिन्याला ८० सेंमीची पट्टी, दोन्हीकडे १०-१० सेंमी लाकूड मोकळं. लांबीचा हिशेब असा: एका पायरीला २७ आणि १७, शिवाय नोझिंगच्या वरून-खालून जाणाऱ्या वळणाला ५, मिळून ४९ सेंमी. १६ पायऱ्यांचे ७ मीटर ८४ सेंमी, शेवटच्या रायझरचे १७, झाले ८ मीटर. दहा टक्के वर धरून ९ मीटर मागवा. नक्षी जुळवायची असेल तर एका नक्षीची लांबी आणखी वाढवा.

मखमलीसारख्या गालिच्याला एक कल असतो. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत. गुळगुळीत दिशा जिन्याच्या खालच्या बाजूला यायला हवी. उलट लावला तर कडेवर तंतू फिसकारतात, मधली जाळी दिसायला लागते आणि वर्षभरात गालिचा म्हातारा होतो. जुन्या घरांतून पितळी सळ्यांनी गालिचा अडकवलेला असे, आणि वरच्या टोकाला थोडी लांबी जास्त ठेवून दुमडलेली असे. अधूनमधून सळ्या काढून अख्खा गालिचा काही सेंटीमीटर सरकवायचा, म्हणजे कडेवर झिजलेला भाग रायझरवर जातो आणि ताजा भाग कडेवर येतो. आजही वरच्या रायझरखाली अर्धा मीटर दुमडून ठेवायला काय हरकत आहे?

बसवताना काटेरी पट्ट्या लागतात, एक ट्रेडच्या मागच्या टोकाला आणि एक रायझरच्या तळाला, दोन्ही कोपऱ्यापासून १२ ते १५ मिमी अंतर सोडून, काट्यांची टोकं कोपऱ्याकडे. पट्टी गालिच्याच्या रुंदीपेक्षा ५ सेंमी आखूड कापायची, नाहीतर अनवाणी पायाला ती एक दिवस सापडतेच. अस्तर घट्ट घ्यावं, ६ ते ८ मिमीचं. मऊ आणि जाड अस्तर दुकानात हाताला छान लागतं, पण पायरीची कड त्याखाली गोल होऊन जाते आणि उतरणारी टाच त्या गोलाईवरून घसरते. गालिचा ओढून घेताना प्रत्येक पायरीचा मध्य वेगळा काढू नका. वरपासून खालपर्यंत एक दोरी ताणून तीच मध्यरेषा माना. पायऱ्या कमीजास्त रुंद असल्या तरी डोळा दोरीची सरळ रेघ बघतो. वळणावरच्या तिरक्या पायऱ्या असतील तर ते काम कारागिराकडे सोपवा.

दगडी किंवा टाइलच्या पायऱ्यांवर खिळे ठोकता येत नाहीत, म्हणून तिथे सुट्या चटया येतात. सुटी चटई, म्हणजे खाली काहीही न चिकटवता नुसती ठेवलेली, जिन्यावर नकोच. इथे दुसरं मत चालत नाही. चिकटवलेली असेल तरी ती कडेपर्यंत आणि कडेवरून वळून खाली जाणारी हवी. कडेच्या ५ सेंमी मागे संपणारी चटई उतरणाऱ्याला खोटी कड दाखवते. रबरी पाठीच्या चटयांचा आणखी एक त्रास: व्हिनाइलवर आणि काही वॉर्निशवर त्या पिवळट डाग पाडतात, आणि तो डाग पुसून जात नाही, कारण तो वर नसतो, आत मुरलेला असतो.

नक्षीबद्दल. ट्रेडवर कडेला समांतर आडवे पट्टे असलेला गालिचा घेऊ नये. वरून बघताना पट्टा कुठला आणि कड कुठली हे डोळ्याला वेगळं काढता येत नाही. दाट फुलाफुलांच्या नक्षीतही कड हरवते. एकरंगी, किंवा फक्त दोन्ही काठांना उभी रेघ असलेला गालिचा सर्वांत चांगला. जिना संपूर्ण एकाच गडद दगडाचा असेल तर नोझिंगवर साधारण ५ सेंमी रुंद उजळ पट्टी द्यावी, किंवा गडद दगडात उजळ दगडाची पट्टी बसवून घ्यावी. याला सजावट म्हणायचं नसेल तर नका म्हणू, पण उतरणाऱ्याच्या जिन्यात दिसते ती हीच एक रेषा. आरशासारखं पॉलिश केलेला ग्रॅनाइट असेल तर मिस्त्रीकडून कडेजवळ दोन-तीन खाचा मारून घ्याव्यात. खाचा नको असतील तर खरखरीत पारदर्शक टेप आहे. पृष्ठभाग स्पिरिटने पुसून लावायची आणि टेपचे कोपरे कात्रीने गोल करायचे. चौकोनी कोपरा उचलला जातो, गोल उचलला जात नाही.

भिंतीकडे येऊ. जिन्याच्या भिंतीला खांद्याच्या खाली सतत हात लागतात, म्हणून रेलिंगच्या उंचीपर्यंत धुता येणारा गडदसर रंग आणि वर उजळ रंग ही जुनी, शहाणी वाटणी. फसते ती रेघ मारताना. नोझिंगपासून ९० सेंमी मोजायचे ते ओळंब्यात, सरळ उभे. टेप उताराला काटकोनात धरून ९० मोजले तर रेघ पायरीपासून सरळ वर १०६ सेंमीवर जाते. सगळीकडे तशीच मोजली तर निदान सरळ राहते, पण लँडिंगवर, म्हणजे जिन्याच्या सपाट टप्प्यावर, आल्यावर माणूस टेप पुन्हा सरळ धरतो आणि तिथे रेघ १६ सेंमीने खाली पडते. प्रत्येक तिसऱ्या पायरीवर ओळंब्याने खूण करा, वरच्या आणि खालच्या खुणेत सूत धरून दोरी मारा, मधल्या खुणा दोरीवर येतात का बघा. मास्किंग टेप शेवटच्या हातानंतर रंग ओलसर असतानाच, तिरका ओढून काढायचा. दुसऱ्या दिवशी काढला तर रंगाची साय निघते.

फ्रेम लावायलाही हीच दोरी. चित्रांचे मध्यबिंदू नोझिंगपासून उभे १५० सेंमी वर, उताराला समांतर रेषेवर. पण त्याच भिंतीवर ९० सेंमीला रेलिंग असेल तर फ्रेमचा तळ ११५च्या खाली येऊ नये, नाहीतर कोपर लागतं. आता रेलिंग तिरकी आणि फ्रेम सरळ, हा गुंता लक्षात घ्या. ४० सेंमी रुंद फ्रेमचा वरच्या पायऱ्यांकडचा खालचा कोपरा, मध्याच्या मानाने, रेलिंगला १२ ते १३ सेंमी जास्त जवळ येतो. म्हणून आडव्या रुंद फ्रेम जिन्यावर कधीच नीट बसत नाहीत आणि उभ्या अरुंद फ्रेम आपोआप बसतात. रुंद चित्र लँडिंगच्या भिंतीला द्या, तिथे ते दुरूनही दिसतं. जिन्याच्या भिंतीकडे माणूस दीड-दोन फुटांवरून बघतो, तेव्हा तिथे लहान, बारीक तपशिलाची चित्रं खुलतात.

भोकं पाडण्याआधी फ्रेमच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद कापून भिंतीला चिकटवा आणि चार-पाच दिवस तसेच राहू द्या. रोज चढता-उतरता आपोआप कळतं की कुठला कागद खांद्याला लागतो. जिना ९० सेंमीपेक्षा अरुंद असेल तर भिंतीपासून २ सेंमीपेक्षा पुढे येणारी जाड फ्रेम टाळा. प्रत्येक फ्रेमला दोन खिळे आणि खालच्या दोन कोपऱ्यांना मागून नमद्याचे तुकडे, कारण पावलांच्या हादऱ्याने एका खिळ्यावरची फ्रेम आठवड्यात वाकडी होते. काचेऐवजी अॅक्रिलिक लावलं तर फ्रेम पडली तरी पायऱ्यांवर काचांचा सडा होत नाही. स्विचच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल करू नका, भिंतीतल्या वायरी बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात. आणि शिडीचा एक पाय पायरीवर, दुसऱ्याखाली विटा हा प्रकार करू नका. जिन्यासाठी पाय कमीजास्त करता येणाऱ्या शिड्या मिळतात.

कठड्यावर समारंभासाठी माळा गुंडाळतात. गुंडाळायच्या तर गजांना गुंडाळा, वरचा हात धरायचा भाग मोकळा ठेवा. हात वरपासून खालपर्यंत न अडता घसरत गेला पाहिजे. तारेने बांधू नका, तारेचं टोक तळव्याला लागतं. कुंड्या पायऱ्यांच्या कडेला एकेक ठेवलेल्या फोटोत छान दिसतात. प्रत्यक्षात त्या जिन्याची रुंदी खातात आणि बशीतून सांडलेलं पाणी पायरीवर येतं. कुंड्यांची जागा लँडिंग किंवा जिन्याखाली, तिथे कमी उजेडात मनीप्लांट तग धरतो.

दिवे शेवटी लावतात, पण त्यांच्या वायरी सगळ्यात आधी टाकायला हव्यात. वरच्या छताला एकच दिवा असेल तर उतरणाऱ्याच्या पाठीमागून प्रकाश येतो आणि त्याचीच सावली पुढच्या पायरीवर पडते. सजावटीचे सुंदर झुंबर लावूनही हा दोष जात नाही. झुंबर लावायचंच असेल तर त्याच्या तळाखाली कुठल्याही पायरीपासून २.१ मीटर मोकळं ठेवा, आणि त्यातला दिवा बदलायला हात कसा पोचणार हे लावण्याआधी ठरवा. जिन्याच्या पोकळीत मधोमध लटकलेला बंद दिवा अनेक घरांत वर्षानुवर्षं बंदच असतो.

नोझिंगखालच्या एलईडी पट्ट्या दिसायला आधुनिक असल्या तरी काम जुनंच करतात. उतरताना दिवा डोळ्यांना दिसत नाही, प्रत्येक पायरी मागून उजळते आणि तिच्यावरची कड गडद रेषेसारखी उठून दिसते. १७ ठिकाणी ९० सेंमीप्रमाणे १५.३ मीटर पट्टी. मीटरला ४.८ वॉटची घेतली तर साधारण ७३ वॉट, म्हणून ड्रायव्हर, म्हणजे पट्ट्यांना वीज पुरवणारा डबा, १०० वॉटचा. पट्ट्या एकामागून एक जोडत नेऊ नका, शेवटच्या पायऱ्या मंद होतात. एका जाड वायरीवरून प्रत्येक पायरीला स्वतंत्र फांदी काढा आणि १२ ऐवजी २४ व्होल्टची पट्टी घ्या. ती अॅल्युमिनियमच्या खाचेत, दुधी झाकणाखाली बसवायची. उघडी ठेवली तर चकचकीत पायरीत चढणाऱ्याला दिव्यांचे ठिपके मोजता येतात. रंग उबदार, २७०० ते ३००० केल्विन. डिमर हवाच, कारण एवढ्या पट्ट्या पूर्ण तेजाने रात्री डोळे दिपवतात. दहा-वीस टक्के पुरतात.

दिवे आपोआप लागावेत म्हणून सेन्सर वर एक आणि खाली एक. नेहमीचा पीआयआर सेन्सर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा, आडव्या हालचालीला चटकन ओळखतो, सरळ अंगावर येणाऱ्याला उशिरा. म्हणून तो समोरच्या भिंतीवर न लावता बाजूच्या भिंतीवर लावायचा. वेळ मिनिटभराची ठेवा. तरणा माणूस पंधरा सेकंदांत वर जातो, पण लँडिंगवर दम खायला थांबणाऱ्यावर अंधार पडायला नको.

सगळं झालं की रात्री, घरातले दिवे रोजच्यासारखे ठेवून, दोन्ही हातांत घडी केलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन एकदा वरून खाली या, म्हणजे स्वतःचे पाय दिसणार नाहीत. जिथे पाऊल क्षणभर थबकेल तिथे परतताना मास्किंग टेपचा तुकडा लावा. घरातल्या सगळ्यांना एकेकदा उतरवा, चष्मा काढून ठेवणाऱ्यांना तर नक्कीच. तुकडे बहुधा दोनच जागी जमतात: वरून पहिल्या पायरीवर, जिथे सपाट जमिनीचा रंग तसाच पुढे पायरीवर उतरलेला असतो, आणि तळाशी शेवटच्या पायरीवर, जिथे पायरी आणि खालची फरशी एकाच दगडाची असते. त्या दोन कडांवर उजळ पट्टी आधी द्या. उरलेला अर्धा लिटर रंग तिथे वापरू नका, पायाखाली तो महिनाभरही टिकत नाही.